झोपून राहायचं की उठून चालायचं? : दुखण्यावरच्या व्यायामाची गोष्ट

रायपूरहून बोलतोय. या मालेत आपण राजे, तह आणि लढायांवर बरंच बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तोही इतिहासच आहे आणि तो प्रत्येकाच्या घरात घडलेला आहे. कंबर धरली, गुडघा सुजला, मान आखडली की माणसानं काय करायचं? पडून राहायचं की हिंडायचं? या एका प्रश्नाचं उत्तर गेल्या दीडशे वर्षांत दोनदा उलटं झालं. त्या उलटापालटीत आमच्या घरातलं एक माणूस सापडलं, म्हणून हा विषय माझ्या मनात इतकी वर्षं आहे.

1984 चा उन्हाळा

आमचं घर तात्यापाऱ्याच्या बाजूला होतं. रायपूर न पाहिलेल्यांसाठी सांगतो, इथं मोहल्ल्याला पारा म्हणतात. भोसल्यांचं राज्य छत्तीसगडवर होतं तेव्हापासून इथं मराठी घरं आहेत. पुढे 1854 मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. मग कचेऱ्या आल्या, रेल्वे आली आणि आणखी घरं आली. त्यातलंच आमचं एक.

1984 च्या उन्हाळ्यात आई पाण्याची बादली उचलायला वाकली आणि तिची कंबर धरली. तिला सरळ उभं राहता येईना. डॉक्टरांना बोलावलं. ते भले गृहस्थ होते. त्यांनी तपासलं, "मणका सरकलाय" म्हणाले आणि पलंगावर गादीऐवजी फळी टाकायला सांगितली. सहा आठवडे पूर्ण विश्रांती. उठायचं नाही, वाकायचं नाही.

मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. बाबा ऑफिसला जायचे, त्यामुळे पहारा माझ्याकडे. आई जरा उठू लागली की मी ओरडायचो, "आई, उठू नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय ना!" सहा आठवड्यांचे अडीच महिने झाले, कारण दर वेळी उठायला गेलं की दुखायचं, आणि दुखलं की आम्ही तिला परत झोपवायचो.

आमच्या गल्लीच्या टोकाला मारुतीचं देऊळ आणि त्याला लागून आखाडा होता. तिथले म्हातारे पहलवान काका उतरलेले खांदे बसवायचे, मालिश करायचे. ते एकदा आईला बघायला आले आणि दारातूनच म्हणाले, "भौजी, थोर-थोर रेंगव. नइ त गोड़ जकड़ जाही." रेंगना म्हणजे छत्तीसगढीत चालणं. वहिनी, थोडं थोडं चालत राहा, नाहीतर पाय आखडून बसतील. बाबांनी त्यांना चहा दिला आणि नम्रपणे वाटेला लावलं. डॉक्टर मोठे की आखाड्यातला माणूस मोठा?

आई शेवटी उठली, पण भिंत धरून. तिच्या पोटऱ्या वाळल्या होत्या. पुढची पंचवीस वर्षं ती जगली, पण जिना चढायला घाबरायची आणि वाकायला तर कधी धजलीच नाही. हरेलीला आम्ही पोरं गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर, चढून अंगणभर नाचायचो. आई पूर्वी ती गेडी स्वतः बांधून द्यायची. त्या वर्षानंतर ती खुर्चीतून बघायची.

मोठेपणी मी इतिहासाचा शिक्षक झालो आणि मला वाटायला लागलं की या "पडून राहा"चाही इतिहास शोधावा. चूक कोणाची होती? डॉक्टरांची, बाबांची की माझी?

विश्रांतीचं शास्त्र कुठून आलं

आधी एक गैरसमज दूर करू. विश्रांती हा आळशी डॉक्टरांचा सल्ला नव्हता. तो एकेकाळी नव्या विचाराचा सल्ला होता. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हिल्टन यांनी 1860 च्या सुमाराला व्याख्यानं दिली आणि 1863 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्यांचा मुद्दा असा की वेदना ही शरीराची सूचना आहे आणि विश्रांती हे निसर्गाचं औषध आहे. क्षयानं सडलेले सांधे, मोडलेली हाडं, गळवं यांच्या बाबतीत ते खरंही होतं. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी तर सांधे पक्के जखडून ठेवण्याचे साचे बनवले. त्यांची थॉमस स्प्लिंट पुढे पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांना वाचवून गेली.

मग 1934 मध्ये अमेरिकेत मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं की मणक्यांमधली चकती बाहेर येऊन नस दाबू शकते. त्यातून "चकती सरकली" हे चित्र जगभर लोकांच्या डोक्यात बसलं. एकदा असं चित्र बसलं की पुढचा तर्क सोपा होतो. सरकलेली वस्तू हलवली तर आणखी सरकेल, म्हणून हलू नका. आमच्या डॉक्टरांनी फळी सांगितली ती या तर्कानं. मोडलेल्या हाडाचा नियम दुखऱ्या कमरेला लागला.

हालचालीची दुसरी परंपरा

पण हालचालीनं बरं करणारी दुसरी परंपरा याच काळात शेजारी चालू होती. आयुर्वेदात व्यायाम किती करावा याचं माप आहे, बलार्ध. म्हणजे अंगातल्या ताकदीच्या निम्म्याइतकाच. घाम यायला लागला, श्वास तोंडावाटे येऊ लागला की थांबा. आजचे फिजिओथेरपिस्ट "सोसवेल तेवढंच, पण रोज" म्हणतात, ते याच्या फार जवळ आहे.

युरोपात स्वीडनचे पेर हेन्रिक लिंग हे मूळचे तलवारबाजीचे शिक्षक. त्यांनी 1813 मध्ये स्टॉकहोमला व्यायामाची राजसंस्था काढली आणि तिच्यात आजाऱ्यांसाठी वेगळा व्यायाम ठेवला. स्वीडनमध्ये फिजिओथेरपिस्टचं अधिकृत नाव अगदी 2014 पर्यंत "आजाऱ्यांचा व्यायामशिक्षक" अशाच अर्थाचं होतं. लंडनमध्ये 1894 साली चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संस्था काढली आणि तिच्यातून ब्रिटनमधला फिजिओथेरपीचा व्यवसाय उभा राहिला. म्हणजे या शास्त्राचे आईबाप बघा, एक तलवारबाज आणि चार नर्सेस.

आपल्याकडे काय होतं? बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिर होतं आणि तिथे प्रोफेसर माणिकराव. सयाजीरावांच्या राज्यातले हे राजरत्न. मल्लखांब, लाठी, कवायत तर होतीच, पण हाड बसवणारे आणि अंग चोळून बरं करणारे म्हणूनही त्यांची ख्याती होती. लोक लांबून येत. आमच्या पहलवान काकांसारखी माणसं गावोगावच्या आखाड्यांत होती, माणिकराव त्यांच्यातले सर्वांत नामवंत. आमच्याच मध्य प्रांत आणि वऱ्हाडात अमरावतीला 1914 साली हनुमान आखाडा निघाला, तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथे देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं केली.

माणिकरावांकडे 1907 नंतर एक तरुण शिकायला होता, जगन्नाथ गणेश गुणे. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. त्यांच्या मनात एक साधा प्रश्न होता. आसनांनी आणि क्रियांनी शरीरात नेमकं काय होतं, ते मोजता येईल का? त्यांनी नौली करताना आतड्यातला दाब यंत्रानं मोजला, क्ष-किरणांनी तपासलं. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असं दिसलं. त्याला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं, माधवदास निर्वात. 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं आणि त्याच वर्षी "योगमीमांसा" हे त्यांचं संशोधनाचं नियतकालिक सुरू झालं. एक मराठी माणूस आखाड्यातून निघून प्रयोगशाळेत गेला, ही आपल्या इतिहासातली मोठी घटना आहे आणि आपण ती फार कमी सांगतो.

पण प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. कुवलयानंदांनी शरीरात काय होतं ते मोजलं. त्यानं आजारी माणूस खरंच बरा होतो का, हे ठरवायची रीत तेव्हा जगातच नव्हती. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करायचे, एकाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला नाही, आणि मग तुलना करायची, ही रीत रूढ झाली ती 1948 मध्ये ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीनंतर. तोपर्यंत आखाड्याकडे अनुभव होता आणि डॉक्टरकडे प्रतिष्ठा होती. तुलनेचा पुरावा दोघांकडेही नव्हता.

पोलिओ आणि मुंबई

व्यायामाला दवाखान्यात मानाची जागा मिळवून दिली ती पोलिओनं. पोलिओ झालेल्या मुलाचे हातपाय साच्यात जखडून ठेवायचे, हीच रीत होती. ऑस्ट्रेलियाच्या एलिझाबेथ केनी नावाच्या परिचारिकेनं साचे काढून टाकले. ती गरम ओल्या कापडांनी शेकायची आणि मुलांचे स्नायू हळूहळू हलवायची. डॉक्टर चिडले, वाद झाले. पण 1942 मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला तिच्या नावाची संस्था उभी राहिली.

मुंबईत फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचारांसाठी वणवण करताना त्यांच्या लक्षात आलं की नियमित फिजिओथेरपी मिळाली तर मूल सुधारतं, पण ती देणारं ठिकाणच नाही. स्वातंत्र्याच्याच वर्षी, 1947 मध्ये, त्यांनी अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी मुंबईत संस्था काढली. एका आईनं प्रश्न धसास लावला. मग 1952 मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपी शिकवणारी शाळा सुरू झाली. हाजी अलीला 1955 मध्ये पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली आणि त्याच वर्षी देशातल्या फिजिओथेरपिस्टांची संघटनाही उभी राहिली.

आमच्या रायपूरला वैद्यकीय महाविद्यालय आलं 1963 मध्ये. आज इथं सरकारी फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, 2012 पासून एम्स आहे. पण 1984 मध्ये आमच्या मोहल्ल्यात फिजिओथेरपिस्ट हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. पलंग होता आणि आखाडा होता.

पलंगाची परीक्षा

आता गोष्टीचा कळीचा भाग. पलंगाची परीक्षा कधी झाली?

1966 मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. वय वीस वर्षं. तीन आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता, म्हणजे दम म्हणा, सुमारे 27 टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा असं दिसलं की तीस वर्षांच्या वयानं त्यांचा जितका दम घटला नव्हता, तितका त्या तीन आठवड्यांनी घटवला होता. वीस वर्षांच्या पोरांची ही गत, तर चाळिशीतल्या बाईचे अडीच महिन्यांत काय झालं असेल, याचा विचार करा. पण हा अभ्यास हृदयाच्या डॉक्टरांनी वाचला. कमरेच्या डॉक्टरांपर्यंत तो पोचला नाही.

कमरेची परीक्षा झाली 1986 मध्ये. टेक्सासमधल्या रिचर्ड डेयो यांनी 203 रुग्ण घेतले. कंबर दुखणारे, पण नस निकामी झाल्याची खूण नसलेले. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना दोन दिवस झोपायला सांगितलं, निम्म्यांना सात दिवस. दोन्ही गट सारखेच बरे झाले. फरक एवढाच, की दोन दिवसवाल्यांच्या कामाचे खाडे 45 टक्क्यांनी कमी झाले. जास्त झोपून काहीच मिळालं नव्हतं.

1995 मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या 186 कर्मचाऱ्यांवर पुढची चाचणी झाली. नुकतीच कंबर धरलेल्यांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस अंथरूण, दुसऱ्याला कमरेचे व्यायाम, तिसऱ्याला सांगितलं, जमेल तेवढं रोजचं काम चालू ठेवा. सर्वांत लवकर सुधारला तिसरा गट. अंथरूणवाले सर्वांत मागे. लक्षात घ्या, ताज्या दुखण्यात खास व्यायामसुद्धा लागला नाही. रोजचं हिंडणं-फिरणं पुरलं. पहलवान काका दुसरं काय म्हणाले होते? थोर-थोर रेंगव.

मग "चकती सरकली"चं काय? 1994 मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 माणसांचे एमआरआय काढले. त्यातल्या 52 टक्के लोकांची किमान एक चकती फुगलेली निघाली. दुखणं नाही, तरी चकती फुगलेली! म्हणजे चित्रात दिसतं ते सगळंच दुखण्याचं कारण नसतं.

आता तारखा जुळवून बघा. आमच्या आईची कंबर धरली 1984 मध्ये, पलंगाविरुद्धची चाचणी छापून आली 1986 मध्ये. डॉक्टरांनी त्यांच्या काळातल्या पुस्तकात होतं तेच सांगितलं. मला त्यांचा राग येणं थांबलं ते या दोन तारखा एकाखाली एक लिहिल्यावर. पण त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा मी नात्यात, शेजारात तोच महिना-महिना झोपण्याचा सल्ला ऐकला, याचं मात्र वाईट वाटतं.

मग कोणता व्यायाम?

तुम्ही विचाराल, योग चांगला की जिम, की फिजिओथेरपिस्टचे व्यायाम? इथं इतिहास आपला अभिमान जरा खाली बसवतो. 2011 मध्ये अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या 228 माणसांचे तीन गट केले. एकाला बारा आठवडे योगाचे वर्ग, दुसऱ्याला साधे ताण देण्याचे व्यायाम, तिसऱ्याला माहितीचं पुस्तक. योगवाले पुस्तकवाल्यांपेक्षा बरे झाले. पण साधे व्यायाम करणारेही तितकेच बरे झाले. म्हणजे योग उपयोगी आहे हे खरं, तोच एकमेव आहे हे खरं नाही.

2021 मध्ये कॉक्रेन या संस्थेनं जुनाट कंबरदुखी आणि व्यायाम यांच्यावरच्या 249 चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात 24 हजारांहून जास्त माणसं होती. निष्कर्ष असा, की शंभर गुणांच्या मापावर व्यायामानं दुखणं सरासरी पंधराएक गुणांनी कमी होतं. पंधरा म्हणजे शंभर नव्हे. जादू नाही. पण साठचं दुखणं पंचेचाळीसवर आलं तर माणूस बाजारात जाऊ शकतो, नातवाला उचलू शकतो.

गुडघ्याचंही तेच. 1997 मध्ये गुडघे झिजलेल्या 439 ज्येष्ठांवर दीड वर्षाचा अभ्यास आला. चालणारे आणि वजन उचलणारे, दोघेही नुसती माहिती ऐकणाऱ्यांपेक्षा थोडे बरे राहिले. "झिजलेला गुडघा वापरला तर आणखी झिजेल" ही भीती तिथे खरी ठरली नाही.

डिसेंबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदा मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आहे, रुग्णाला समजावून सांगणं आहे. सरसकट करू नये अशा गोष्टींत कमरेचा पट्टा आहे, आणि वजन लावून ओढणं, म्हणजे ट्रॅक्शनही आहे. आता आपल्या घरातली कपाटं उघडून बघा. किती पट्टे निघतात?

एक इशारा मात्र ऐका. हे सगळं साध्या दुखण्याबद्दल आहे. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर दुखत असेल, सोबत ताप असेल, वजन उतरत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल, पायातली ताकद जात असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला असेल, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि ताबडतोब डॉक्टर गाठा. पहलवान काकांचा सल्ला तिथे लागू नाही. हाड बसवणाऱ्यांनी मोडलेली हाडं चोळून हात कायमचे वाकडे केल्याची उदाहरणंही आपल्या प्रत्येक गावात आहेत. आखाड्याला सगळं कळत होतं असं मी म्हणत नाही. त्याला एक गोष्ट कळत होती आणि ती पारखून घ्यायला आपण फार उशीर केला.

शेवटी

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा गुडघा धरला. पहिली इच्छा काय झाली असेल? झोपून राहायची! इतकं सगळं वाचलेला माणूस, पण दुखायला लागलं की चौदाव्या वर्षीचाच आवाज कानात येतो, "उठू नकोस." माझ्याच एका विद्यार्थिनीनं फिजिओथेरपी केली आहे. ती घरी आली आणि म्हणाली, "सर, खुर्चीतून हात न टेकता उठा आणि बसा. दहा वेळा." पाचव्या वेळी मी थांबलो. ती म्हणाली, "आज पाच. उद्या परत पाच. परवा सहा."

गुडघा आजही थोडा दुखतो. पण मी जिना चढतो. सकाळी बूढा तालाबाच्या बाजूनं फेरी मारतो. आणि उठ-बस मोजताना कधी कधी आईची आठवण येते. तिला जर कोणी "आज पाच पावलं" असं सांगितलं असतं आणि मी ओरडण्याऐवजी तिचा हात धरून मोजली असती, तर पुढच्या हरेलीला ती अंगणात असती असं मला वाटतं. त्या काळी आम्हाला माहीत नव्हतं. आज तुम्हाला माहीत झालं आहे. घरात कोणी कंबर धरून पडलं असेल, तर वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा नाहीत ना ते आधी बघा, आणि मग पहारा करू नका, हात द्या.

तुमच्या घरात असा पलंगाचा किंवा आखाड्याचा किस्सा असेल तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.